मागितलेली सवलत

दारव्ह्याच्या त्या कचेरीत सहा माणसं होती आणि सहाही एकमेकांना फार समजून घेणारी होती. कचेरी कोणत्या खात्याची ते सांगत बसण्यात अर्थ नाही. सांगितलं तर उगाच दुसऱ्या खात्यांना वाटेल की आपल्यात समजूतदारपणा कमी आहे.

आस्थापनेचं टेबल कुंदा मॅडमकडे होतं. त्यांच्या गल्लीत नळ साडेनऊला येई, म्हणून नळाच्या दिवशी त्या अकराला येत. नळ नसे त्या दिवशी टँकर येई, म्हणून साडेअकराला. सलील मुंगले यवतमाळहून अप-डाउन करी आणि चार दहाच्या बसनं परत जाई. त्यानंतर सोयीची बस नाही, असं त्यानं सात वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. पुढच्या तीन बस रोज कचेरीसमोरून हॉर्न वाजवत जात, पण त्यांच्याबद्दल त्याला कोणी कधी छेडलं नाही. राजकुमारला धुळीची ॲलर्जी होती, म्हणून जुन्या फायली त्याच्याकडे जात नसत. शिपाई धावजीच्या शेतात ज्या दिवशी दिवसाची लाईन, म्हणजे वीज, असे, त्या दिवशी तो दुपारीच मोटर चालू करायला जाई. आणि कार्यालय अधीक्षक नीळकंठराव पिंपळखुटे यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांची केबिन वरच्या मजल्यावरून खाली यायला एक दुपार लागली होती. रेकॉर्ड रूम वर गेली. शिवाय जेवणानंतर पाऊण तास साहेबांचं दार बंद असे; त्या वेळात ते फायली वाचतात असं सगळे मानत, आणि आतून जो आवाज येई त्याला घोरणं म्हणत नसत.

यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं. भिंतीवर हजेरीचं मशीन होतं, पण ते बिघडून दोन वर्षं झाली होती आणि धावजी त्यावर आपली टोपी अडकवी. मस्टरवर सगळ्यांची वेळ एकच असे: येणं पावणेदहा, जाणं सव्वासहा.

सहावी बबिता राठोड. बोरी अरबजवळच्या तांड्यावरची, एकतीस वर्षांची, कनिष्ठ लिपिक. तिला डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. भरपूर उजेडात समोरचं सगळं नीट दिसे, बाजूचं दिसत नसे, आणि दिवस कलला की समोरचंही पुसट होत होत नाहीसं होई. साडेसहानंतर रस्त्यावर तिला गाड्यांचे दिवे तेवढे कळत, गाड्या कळत नसत. परीक्षेत खुल्या यादीच्या शेवटच्या उमेदवारापेक्षा तिला चार गुण जास्त होते. पण नव्या माणसाशी ओळख करून देताना 'ही आपली बबिता, कोट्यातून आली,' असं कुंदा मॅडम न चुकता सांगत, आणि तेही मायेनं. राजकुमारला न चालणाऱ्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या, बारीक अक्षरांच्या फायली वाचायला कोणाकडे येत असतील, हे वेगळं सांगायला नको. रेकॉर्ड रूमचा जिनाही अर्थात तिचाच.

पहिले दोन हिवाळे ती दारव्ह्यातच एका मैत्रिणीबरोबर खोली करून राहिली. दिवाळीनंतर मैत्रिणीचं लग्न झालं, खोली सुटली, आणि बबिता तांड्यावरून ये-जा करू लागली. सकाळची बस तिला साडेआठलाच दारव्ह्यात आणून सोडी. धावजी येऊन कुलूप उघडेपर्यंत ती कचेरीच्या पायरीवर बसून असे. संध्याकाळी मात्र सव्वासहाला निघायचं म्हणजे अंधारात निघायचं. तिचा भाऊ भारत पिकअप चालवायचा. जमेल तेव्हा तो घ्यायला येई, पण भाडं लागलं की त्याचा नेम नसे.

म्हणून सतरा नोव्हेंबरला बबितानं एक पानी अर्ज दिला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मी एक तास आधी, पावणेनऊला येईन आणि एक तास आधी, सव्वापाचला जाईन. कामाचे तास तेवढेच राहतील. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र. तिनं अर्जाला रीतसर आवक क्रमांक घेतला, आणि इथंच तिचं चुकलं.

नीळकंठरावांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखर वाईट वाटलं.

"बबिता, तू मागून राह्यली ते चूक नाही," ते म्हणाले. "पण तू लिहून दिलं. लिहून दिलं की त्याची फाईल होते."

"तोंडी मागाले पाहिजे होतं का सर?"

"तोंडी मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण विषय तिथंच संपला असता, तुलाही त्रास नाही, मलाही नाही."

तर फाईल झाली. ती आस्थापनेच्या टेबलावर गेली आणि कुंदा मॅडमनी तिच्यात त्रुटी काढायला सुरुवात केली. पहिली त्रुटी अशी, की प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' असं लिहिलं असलं तरी ते चार वर्षांपूर्वीचं आहे. सबब दिव्यांगत्व अद्याप कायमस्वरूपी आहे काय, याचा ताजा दाखला जोडावा. बबितानं दोन रजा घालून यवतमाळला चकरा मारल्या आणि आपला आजार कायमचाच आहे असं पुन्हा एकदा लिहून आणलं. दुसरी त्रुटी, बसचं वेळापत्रक साक्षांकित नाही. तिसरी, सहकाऱ्यांची ना-हरकत नाही. ती गोळा करून झाल्यावर कुंदा मॅडमनी आपला अभिप्राय लिहिला: 'अशी सवलत दिल्यास इतर कर्मचाऱ्यांकडूनही तत्सम मागणी होऊन कार्यालयीन शिस्तीस बाधा येण्याची शक्यता नाकारता येत नाही.' त्या दिवशी टँकर उशिरा आल्यामुळे मॅडम पावणेबाराला आल्या होत्या. अभिप्राय लिहायला घेतला तेव्हा त्यांचा घामही वाळला नव्हता.

इथवर ठीक. पण अर्जाचा एक परिणाम बबिताच्या ध्यानात हळूहळू आला. अर्ज प्रलंबित असताना ती लवकर गेली असती, तर मंजुरीआधीच सवलत उपभोगल्यासारखं झालं असतं. तसं नीळकंठरावांनी तिला काळजीपोटी समजावूनही सांगितलं. परिणामी मस्टरवर लिहिलेली सव्वासहाची वेळ खरोखर पाळणारं त्या कचेरीत एकच माणूस उरलं, आणि ते म्हणजे सव्वासहाला ज्याला दिसत नव्हतं ते. सलील चार दहाला जाई, कुंदा मॅडम पाचला, साहेब साडेपाचला, राजकुमार साहेबांच्या मागोमाग. जाताना प्रत्येक जण आठवणीनं म्हणे, "बबिता, लाईट बंद करजो हं."

तेवीस डिसेंबरला भारत पांढरकवड्याला भाडं घेऊन गेला होता आणि धावजीच्या शेतात दिवसाची लाईन होती. बबितानं दिवे बंद केले, कुलूप लावलं, धावजीनं अलीकडेच दिलेली जादा किल्ली पर्समध्ये टाकली आणि बसस्टँडकडे निघाली. वाट पायाखालची होती. नव्हता पायाखालचा तो खड्डा, पाइपलाईनसाठी त्याच दुपारी खणलेला. दुपारी साडेतीनला तो कचेरीतल्या सगळ्यांना खिडकीतून दिसला होता आणि कंत्राटदारांच्या बेशिस्तीवर चहाच्या वेळी चर्चाही झाली होती. बबिता तेव्हा वर रेकॉर्ड रूममध्ये होती.

ती कंबरेइतक्या खड्ड्यात आडवी पडली. चष्मा गेला, डाव्या पायाची नडगी गुडघ्यापर्यंत सोलून निघाली, मनगट मुरगळलं. आणि तिला पहिली आठवण आली ती ही, की आपण मस्टरवर जाण्याची वेळ लिहिली की नाही. मग तिचं तिलाच ते ध्यानात आलं आणि त्या मातीत बसल्या बसल्या तिला स्वतःची जितकी चीड आली, तितकी कुंदा मॅडमचीही कधी आली नव्हती. पानठेल्यावरच्या दोघांनी तिला वर काढलं. एकानं विचारलं, दिसलं नाही का ताई, एवढी माती तं टाकून ठेवली व्हती. ती म्हणाली, नाही दिसलं.

सहा दिवसांनी ती कामावर आली तेव्हा कुंदा मॅडमनी घरचं हळदीचं तेल आणलं होतं. ते त्यांनी स्वतः तिच्या मनगटाला चोळलं आणि चोळता चोळता म्हणाल्या, झेपत नसेल तर माणसानं जिवाला एवढा त्रास देऊ नये, घरी आई आहे, भाऊ आहे. नीळकंठरावांनी तिला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि दवाखान्याचा कागद फाईलला जोड म्हणाले. त्यानं फाईलला वजन येईल.

जानेवारीच्या शेवटी जिल्ह्याच्या कार्यालयातून एक पत्र आलं. तिथं नव्यानं आलेल्या अधिकारी स्पृहा मॅडमनी सोबत एक नमुना पाठवला होता: कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी कामाच्या ठिकाणी मागितलेल्या सोयी-सवलतींची माहिती. नीळकंठरावांनी कोपऱ्यात 'राठोड - तातडीने' असं लिहिलं. विषय दिव्यांगांचा दिसतो, म्हणजे तुझाच, असं ते म्हणाले, आणि मागच्या वर्षी अशाच एका पत्राला 'निरंक' कळवलं होतं त्याची ओसी, म्हणजे कचेरीतली प्रत, बघून घे, असंही म्हणाले.

बबितानं ओसी पाहिली. मग नमुना खिडकीपाशी नेऊन सावकाश वाचला. तिच्यासारखं वाचणाऱ्याचा हा फायदा असतो, की नजर पुढं पळत नाही. एकेक शब्द करून वाचावं लागतं. नमुन्यात कुठंही 'फक्त दिव्यांग' असं नव्हतं. दिव्यांग व इतर, असं होतं. मागणी लेखी वा तोंडी, असं होतं. रकाने होते: कर्मचाऱ्याचं पद, दिव्यांग आहे किंवा नाही, सवलतीचं स्वरूप, मागणी कशी केली, मंजूर की प्रलंबित, निर्णयास लागलेला कालावधी.

तिनं भरायला घेतलं. तिला राग आला होता का, तर होता. पण रागात अक्षर बिघडतं आणि तिला अक्षर बिघडू द्यायचं नव्हतं. तिनं एकही खोटा शब्द लिहिला नाही, उलट सगळ्यांची बाजू जितकी नीट मांडता येईल तितकी मांडली. 'वरिष्ठ लिपिक. दिव्यांग नाही. घरगुती पाणीपुरवठ्याच्या वेळेनुसार उशिरा उपस्थिती. तोंडी. मंजूर. कालावधी: त्याच दिवशी.' 'कार्यालय अधीक्षक. दिव्यांग नाही. गुडघेदुखीमुळे कक्ष तळमजल्यावर. तोंडी. मंजूर. त्याच दिवशी.' 'कार्यालय अधीक्षक. भोजनोत्तर विश्रांती, पाऊण तास. मागणी आढळून येत नाही. मंजूर.' असं करत करत नऊ नोंदी झाल्या. दहावी स्वतःची: 'कनिष्ठ लिपिक. दिव्यांग आहे. कामाच्या वेळेत एक तासाचा बदल. लेखी. प्रलंबित. ऐंशी दिवस.'

मग ती कागद घेऊन प्रत्येकाच्या टेबलापाशी गेली. नमुन्याच्या मागच्या बाजूला 'माहिती वाचली, बरोबर आहे' अशी सगळ्यांची सही हवी होती. कुंदा मॅडमनी फोनवर बोलता बोलता सही केली. राजकुमारनं कागदाला धूळ असेल म्हणून दोन बोटांत धरून केली. सलीलनं चार वाजून पाच मिनिटांनी, बॅग खांद्याला लावून केली. धावजीनं विचारलं, काय हाय बाई यात. तिनं खरं ते सांगितलं, की तुमी लाईनच्या दिवशी शेतात जाता ते लिवलं हाय. तो म्हणाला, मंग बरोबरच हाय, आणि त्यानं सही केली. तो एकटाच वाचून, म्हणजे ऐकून, सही करणारा. नीळकंठरावांकडे ती जाणूनबुजून तीन वाजून वीस मिनिटांनी गेली. त्यांचे डोळे अजून पुरते उघडायचे होते.

"निरंकच ना?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, माहिती हाय. वाचून घ्या."

"तू केलं म्हणजे व्यवस्थितच असेल," ते म्हणाले, आणि सही केली.

अठरा फेब्रुवारीला व्हिडिओ मीटिंग लागली. जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांच्या कचेऱ्या जोडलेल्या. साहेबांच्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडला, सगळ्यांना मागं खुर्च्या टाकून बसवलं. स्पृहा मॅडम जेमतेम तिशीच्या असतील. आवाज शांत होता. त्या म्हणाल्या, पंधरा तालुक्यांनी 'निरंक' कळवलं आहे, म्हणजे पंधरा कचेऱ्यांत कोणाला काही लागत नाही; एका दारव्ह्यानं मनापासून माहिती पाठवली, त्याबद्दल अधीक्षकांचं अभिनंदन. नीळकंठराव खुर्चीत अर्धे उठले आणि त्यांनी पंधरा तालुक्यांना नमस्कार केला.

मग मॅडम वाचू लागल्या. पाणीपुरवठ्यापासून सुरुवात झाली. तिसऱ्या नोंदीपर्यंत कुंदा मॅडमच्या हातातला फोन पदराखाली गेला होता. भोजनोत्तर विश्रांतीची नोंद आली तेव्हा कुठल्यातरी तालुक्याचा माईक चालू राहिला होता आणि तिथलं हसू सगळ्यांना ऐकू आलं. नीळकंठराव अजून अर्धे उठलेलेच होते, ते जागच्या जागी खाली बसले.

"नऊपैकी नऊ मंजूर," स्पृहा मॅडम म्हणाल्या. "बहुतेक त्याच दिवशी. मला हे आवडलं, खरंच सांगते. माणसांना अडचणी असतात आणि तुम्ही त्या समजून घेता. दहावी तेवढी राहिली. आज त्र्याण्णव दिवस झाले. हा दहावा कर्मचारी कोण?"

केबिनमध्ये चार माना बबिताकडे वळल्या.

"मॅडम, ते प्रकरण जरा वेगळं आहे," नीळकंठराव म्हणाले.

"वेगळं म्हणजे कसं?"

"म्हणजे, त्या दिव्यांग आहेत."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानांना कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि तो परत घालायला त्यांना जागा सापडेना. स्पृहा मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त, हे वाक्य मिनिट्समध्ये घ्या, असं शेजारच्या कोणाला तरी सांगितलं. मग आदेश दिले: दहाव्या अर्जावर दहा दिवसांच्या आत निर्णय, उरलेल्या नऊ सवलती बंद नाहीत, पण प्रत्येकानं कारणासह लेखी अर्ज करावा, मंजुरी येईपर्यंत नियमित वेळ पाळावी, आणि भिंतीवरचं मशीन दुरुस्त करून घ्यावं.

त्यानंतरच्या आठवड्यात कचेरीत असं शांत वातावरण होतं, जसं घरात पाहुण्यांदेखत भांडण झाल्यावर असतं. धावजीला टोपीसाठी वेगळा खिळा ठोकावा लागला. कुंदा मॅडम पावणेदहाला हजर होऊ लागल्या आणि बबिताशी बोलायच्या बंद झाल्या. राजकुमारला ॲलर्जीचा दाखला हवा होता. डॉक्टरांनी तपासून, ॲलर्जी आहे पण धुळीची नाही, शेंगदाण्याची आहे, असं लिहून दिलं. नीळकंठरावांनी दुपारच्या पाऊण तासासाठी अर्जाचे तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. रेकॉर्ड रूमच्या जिन्याखाली उभं राहून दोघं-तिघं बबिताबद्दल काय बोलत, ते ती वरून ऐकत असे. तिचे डोळे अधू होते, कान नव्हते. आपण कोणाचं वाईट केलं असं तिला वाटत नव्हतं. पण त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती जिना उतरत नसे.

मंगळवारी पाचच्या सुमाराला सलील तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पाच वाजता सलीलला कचेरीत पाहायची तिला सवय नव्हती.

"तुम्हाले अर्ज लिहायची सवय आहे," तो म्हणाला. तिला वाटलं टोमणा आहे. पण तो खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. यवतमाळात त्याचे वडील दोन हजार अठरापासून लकव्यानं अंथरुणावर होते. बायकोची शाळा दुपारची. वडिलांकडे बसणारी बाई साडेपाचला जाते, तिला स्वतःची लेकरं आहेत. चार दहाची बस तेवढ्यासाठी होती. आता या चार दिवसांत शेजारचे बसत आहेत, पण काल वडिलांनी ओलं केलं आणि ते तसेच तासभर पडून होते.

सलील कामचुकार आहे, हे ती तीन वर्षं धरून चालली होती. नमुन्यात तिनं लिहिलं होतं, 'बसच्या सोयीनुसार लवकर प्रस्थान.'

"मंग हे कोणाले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? बापाचे कपडे बदलाले जातो म्हणून? इथं? त्यापेक्षा कामचोर म्हटलेलं बरं. कामचोराची कोणी कीव नाही करत."

ते तिला फार पटलं. तिनं कोरा कागद घेतला आणि त्याला काय काय जोडावं लागेल ते सांगू लागली: वडिलांचा दाखला ताजा हवा, जुना असला तर चालणार नाही, रेशनकार्डाची प्रत, बसचं वेळापत्रक, आणि ते साक्षांकित. "आन् आवक क्रमांक घेतल्याबिगर उठू नका," ती म्हणाली. तो अर्ज तिनं तिच्या अक्षरात लिहिला, सव्वासहापर्यंत बसून. अंधार पडायला लागला तेव्हा सलील बसस्टँडपर्यंत तिच्या बरोबर आला आणि खड्ड्यापाशी, आता डावीकडून, असं म्हणाला. खड्डा अजून तसाच होता.

सव्वीस तारखेला, गुरुवारी बबिताचा आदेश निघाला. 'विशेष बाब म्हणून, पूर्वोदाहरण न मानण्याच्या अटीवर' चालू हंगामापुरती, म्हणजे अर्जात मागितल्याप्रमाणे फेब्रुवारीअखेरपर्यंत, सवलत मंजूर. अंमल दुसऱ्या दिवसापासून. अठ्ठावीसला शनिवार, सुट्टी होती. म्हणजे एक दिवस.

शुक्रवारी पावणेनऊला तिनं कुलूप उघडलं आणि सव्वापाचला मशीनवर बोट ठेवलं. बाकी पाच जण आपापल्या जागी बसून होते, कारण आता त्यांना जाता येत नव्हतं. बाहेर ऊन चांगलं कडक होतं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तांड्यावर उतरली तेव्हा आई, नंदाबाई, अंगणात हरभऱ्याचं वाळवण उलटंपालटं करत होती. लेकीला उजेडात घरी आलेली पाहून ती घाबरलीच, पुन्हा कुठं पडली की काय म्हणून.

"काही नाही याडी, आदेश निघाला," बबिता म्हणाली. "लवकर घरी याचा."

"मंग बरं झालं. कवापर्यंत हाय?"

"आजपर्यंत."

नंदाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बबितानं सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हातारी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेवटी बबितालाही हसू आवरेना. मग दोघींनी मिळून हरभरा गोळा केला. अजून पुष्कळ उजेड होता.

सोमवारी, दोन मार्चला, बबितानं पुढच्या ऑक्टोबरचा अर्ज दिला. नीळकंठरावांनी तारीख पाहिली आणि सात महिने आधी कशाला, असं विचारलं.

"आदेश मागच्यापेक्षा लवकर निघंन म्हणून सर," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला नाही. कागद कुंदा मॅडमकडे पाठवला. मॅडमनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, आणि त्याच्या पुढचा क्रमांक दाखले जमवून आलेल्या सलीलच्या अर्जावर टाकला. मग दोन्हींत त्रुटी काढायला घेतल्या.